बावीस तारखेपर्यंत सहा की आठ

५ सप्टेंबर, मंगळवार

आज ही वही घेतली. कारखान्यातल्या चाचणीच्या तक्त्यात एवढ्याशा चौकटी असतात: वेग, ब्रेक, वळण, आवाज. 'गाडी आज रुसली होती' असं लिहायला त्यात जागा नाही. शिवाय पुढचे अडीच आठवडे मला मनातलं बोलायला कुणीच उरलेलं नाही, म्हणून वहीशी बोलायचं.

झालं असं. बाईंनी सकाळी सगळ्यांना पुढच्या दालनात बोलावलं. बाई म्हणजे आमच्या मालकीण. वर्षाला वीस-बावीस स्पोर्ट्स गाड्या हाताने बांधणारा हा कारखाना त्यांच्या वडिलांनी काढला, आता त्या चालवतात, आणि विचार करताना पेन्सिल चावतात. आज अर्धी पेन्सिल संपवून त्या म्हणाल्या की नव्या गाडीला दोन-दोन इंजिनं आता झेपत नाहीत. एक तर सहा सिलिंडरचं राहील, नाहीतर आठचं. ज्याचं राहील त्याची बांधणीची खोली चालू, दुसरीला कुलूप. आणि कुठलं ते मी ठरवायचं, बावीस तारखेला.

मी का, तर अठरा वर्षं इथली प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी मी चालवते, आणि थोरल्या मालकांपासूनचा नियम आहे की चालवणाऱ्याचा शब्द शेवटचा. ठीक आहे. पण सहाचं इंजिन बांधतो माझा नवरा, आणि आठचं बांधतो माझा सख्खा धाकटा भाऊ. मी बाईंना म्हटलं, मला यातून वगळा, मी कुणाच्या पोटावर पाय देऊ?

"म्हणून तर तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणाच्याच बाजूने खोटं बोलता येणार नाही."

काय डोकं आहे बघा. नवरा त्रेपन्न वर्षांचा, एकोणिसाव्या वर्षापासून इंजिनं बांधतोय, दुसरं काही येत नाही आणि यायची इच्छाही नाही. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई-वडिलांच्या माघारी मी वाढवला, सतराव्या वर्षी नवऱ्यानेच त्याला इथे आणून हाताला धरून शिकवलं. त्याची बायको आठव्या महिन्यात आहे. आता सांगा, सहा की आठ?

६ सप्टेंबर, बुधवार

पहिली फेरी. बंद पडलेल्या विमानतळाची धावपट्टी आणि तिच्याभोवतीचा वळणावळणाचा रस्ता, हे आमचं मैदान. दोन्ही गाड्या वरून जुळ्या बहिणी. सहाची करडी, आठची निळी.

निळीच्या पॅडलवर पाय ठेवला की पाठीत कुणीतरी धपाटा घालतं. कुठल्याही गियरमध्ये असो, खेचतेच. पण नाकात साठ किलो जास्त वजन, त्यामुळे वळणावर आधी स्वतःच्या मनाने सरळ निघते आणि मग माझं ऐकते. करडीचे सहा सिलिंडर एका ओळीत. ती खालच्या वेगात निवांत असते, वर चढवावी लागते, पण चढली की काय गाते! आणि वळणात मी जिकडे बघेन तिकडे जाते, हात फिरवणं नुसतं निमित्त.

मनात आलं, सहाच. लगेच वाटलं, नवऱ्याचं म्हणून तर नाही? म्हणून मुद्दाम आठच्या बाजूने विचार केला, तर वाटलं, भाच्याच्या आशेने तर नाही? घरी येईपर्यंत मला मी स्वतःच गाडी वाटायला लागले, दोन ड्रायव्हर बसलेली.

८ सप्टेंबर, शुक्रवार

आज करडीने नाक कापलं. उभी असताना थरथरत होती, बॉनेटखालून टकटक आवाज, चढावर तर अशी धापा टाकत गेली की मी मागे वळून बघितलं, कुणी धरून ठेवलंय का. बाई स्टॉपवॉच घेऊन उभ्या होत्या. नवरा म्हणाला पेट्रोल खराब असेल. पेट्रोल निळीतही तेच होतं.

ज्याला कळत नाही त्याच्यासाठी (म्हणजे मी म्हातारी झाल्यावर माझ्यासाठी) लिहून ठेवते. इंजिनात झडपा असतात, व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात केसाएवढी फट लागते. ती लावणं म्हणजे टॅपेट लावणं. फटीत पोलादी पत्ती सरकवायची आणि स्क्रू पिळत जायचं. पत्ती सैल जायला नको, अडकायलाही नको, बोटाला किंचित ओढ लागली पाहिजे. ती ओढ पुस्तकात मिळत नाही. माझ्या नवऱ्याची बोटं त्यासाठी प्रसिद्ध. इंजिन पूर्ण थंड असतानाच हे करता येतं, म्हणून सकाळच्या फेरीनंतर संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी ज्याचं इंजिन त्यानेच टॅपेट तपासायचे, झाकण लावायचं, आणि बोल्टांवर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. नवऱ्याचा हिरवा, भावाचा लाल. दुसऱ्याच्या ठिपक्याला हात लावणं आमच्याकडे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं आहे.

धाकटा आज दहा वाजता उगवला. भावजयीला तपासायला न्यायचं होतं म्हणे. फेरी चुकली त्याची. करडीचं झालेलं ऐकलं तेव्हा दाजींच्या विजयाला खीळ बसली म्हणून हा खूश होईल असं मला वाटलं होतं, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं केलं.

घरी नवऱ्याने तवा उचलून बाजूला ठेवला. फडकं न घेता. मी ओरडेपर्यंत त्याला पत्ता नाही, बोटांवर टम्म फोड. इंजिनाच्या काळजीने माणूस इतका हरवतो. मी मलम लावता लावता भरपूर बोलून घेतलं.

११ सप्टेंबर, सोमवार

करडी आज बघावी! शुक्रवारची ती कुठली आणि आजची कुठली. निळीपेक्षा पूर्ण फेरीत दोन सेकंद आधी. बाईंनी पेन्सिल तोंडातून बाहेर काढली, यावरून समजा.

मी आनंदाने बॉनेट उघडून इंजिनावर थाप मारली तर बोटाला हिरवा रंग. शनिवारी संध्याकाळी लावलेला ठिपका सोमवारी सकाळी ओला कसा? हवेत दमटपणा फार आहे.

चहाच्या वेळी धाकटा खुर्चीत बसल्या बसल्या घोरत होता. बाप व्हायच्या आधीच ही तऱ्हा. बाहीला हिरवा डाग. म्हटलं, घराचं फाटक रंगवायला काढलंस वाटतं, या दिवसांत बायकोला रंगाचा वास सोसत नाही एवढं तरी कळू दे. तो नुसता "हो ताई" म्हणाला. त्याचं 'हो ताई' मला चांगलं माहीत आहे. लहानपणी खिडकीची काच फुटली की हेच म्हणायचा.

१३ सप्टेंबर, बुधवार

काल करडी छान. आज पुन्हा तेच रडगाणं: टकटक, थरथर, चढावर जीव नाही. माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

हवामान? काल आणि आज सारखंच ऊन. टायर? तेच. पेट्रोल? एकाच पिंपातलं. मी काय वेगळं केलं? काल ऑम्लेट खाल्लं होतं, आज नुसता पाव. बाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी मलाच कुलूप लावलं असतं. निळी मात्र रोज तशीच, ना कमी ना जास्त. मग विश्वासाचं इंजिन आठचं म्हणायचं का? पण करडी ज्या दिवशी मनावर घेते त्या दिवशी तिच्यापुढे निळी म्हणजे सामान वाहायची गाडी आहे, हेही खरंच ना?

माणसाची पारख त्याच्या चांगल्या दिवसावरून करायची की वाईट? लग्नाला बावीस वर्षं झाली तरी हे मला ठरवता आलेलं नाही, इंजिनाचं काय ठरवणार.

धाकट्याला आजही उशीर. भावजयीचे पाय सुजलेत, पुन्हा दवाखाना.

१४ सप्टेंबर, गुरुवार

करडी उत्तम. आता मला हसूही येत नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार

हा दिवस नीट लिहायला हवा, कारण मला काडीचाही कळलेला नाही.

सकाळी पार्ट आणायला जातो म्हणून नवरा गेला तो साडेतीन तासांनी रिकाम्या हाताने आला. हल्ली महिन्यातून एकदा असं होतंच. पार्ट मिळाला नाही म्हणे. मग जेवताना, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आठ लिही."

मी म्हटलं, काय?

"आठ लिही. चांगलं इंजिन आहे. पोराने मन लावून बांधलंय."

ज्या माणसाने आठ सिलिंडरला आजवर लठ्ठ म्हणून हिणवलं, लग्नाच्या वाढदिवसाला मला फुलं न आणता सहाच्या शाफ्टचा तोल कसा साधला ते तासभर सांगितलं, तो हे म्हणतोय! मी विचारलं, आणि तू काय करणार? म्हणाला, बघू. 'बघू' हा काय व्यवसाय आहे?

दुपारी धाकटा मला धावपट्टीच्या टोकाला गाठून म्हणाला, "ताई, सहा लिही."

दोघे मिळून माझी चेष्टा करतायत असंच वाटलं मला. त्याला म्हटलं, अरे, तुझी बायको आठव्यात, आणि तू स्वतःचंच इंजिन बुडवायला निघालास? तो म्हणाला, करडी चांगली आहे हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, मग विषय संपला. मी म्हटलं, विषय संपायला ती रोज चांगली असायला हवी. यावर तो बुटाच्या टोकाने खडे उडवत राहिला. नंतर म्हणाला, राहील रोज चांगली, त्याची काळजी तू करू नकोस. ती काळजी करायचाच मला पगार मिळतो, हे त्याला कुणी सांगायचं?

तर स्थिती अशी. सहावाला म्हणतो आठ, आठवाला म्हणतो सहा, आणि दोघांच्या मध्ये मी. दोघांपैकी एक जण साधूपणाचा आव आणतोय असा संशय येतोय. नवऱ्याच्या अंगात आव आणायची अक्कल नाही. मग उरलं कोण?

१७ सप्टेंबर, रविवार

भावजयीला भेटून आले. पाय खरंच सुजलेत, उशीवर ठेवून बसली होती. फाटक जुनंच आहे, गंजलेलं, रंगाचा पत्ता नाही. ती म्हणाली, ताई, त्यांना जरा सांगा ना, रोज पहाटे पाचला घरातून निघतात, माझ्या तपासणीचे दोन दिवस तेवढे थांबले. विचारलं तर म्हणतात, काम आहे.

पहाटे पाचला? कारखाना साडेआठला उघडतो. किल्ली सगळ्या जुन्या माणसांकडे असते, त्यामुळे आत जायला अडचण नाही. पण निळीला त्याने पहाटे हात लावावा असं काही काम नाही, ती तर घड्याळासारखी चालते. मग हा तिथे करतो काय?

बाहीवरचा हिरवा डाग आणि करडीचा ओला ठिपका आता एकत्रच आठवत होते. दोन दिवस करडी बिघडली. कुणीतरी बिघडवली असेल तर? मला हा विचार नको आहे. मी त्याला भात भरवलाय.

१९ सप्टेंबर, मंगळवार

पावणेसहाला गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. सहाच्या खोलीत दिवा. करडीचं झाकण उघडं, आणि माझा भाऊ तिच्यात कोपरापर्यंत हात घालून उभा. बाकावर हिरव्या रंगाची डबी.

मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ज्याने हाताला धरून शिकवलं त्याचंच इंजिन नासवतोस, असं बरंच. त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले. मग म्हणाला:

"दाजींना सांगू नकोस."

याहून मोठा पुरावा काय हवा? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'सहा लिही' म्हणणारं ते गोड तोंड आठवलं. वरून सहाची शिफारस, आतून सहाचा गळा. मी म्हटलं, बाळ्या, तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर हा पाना त्याच्या डोक्यात घातला असता. तो म्हणाला, मला अजून चारच टॅपेट लावायचेत, तेवढे लावू दे. मी त्याला बाहेर काढलं आणि खोलीला कुलूप घातलं.

एवढं रडू मला आई गेली तेव्हाही आलं नव्हतं.

२० सप्टेंबर, बुधवार

बाईंना भेटले. भावाचं नाव घेतलं नाही, तेवढी माया उरली आहे. एवढंच म्हटलं की इंजिनांना आतून-बाहेरून हात लागतायत, अशाने मला निकाल देता येणार नाही. उद्या शेवटची फेरी. आज संध्याकाळी दोघांनी आपापलं इंजिन आपल्या हाताने लावायचं, मग दोन्ही खोल्यांच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. उद्या मीच उघडणार. बाई म्हणाल्या, योग्य आहे, फेरी सगळ्यांसमोर करू.

दुपारी धाकटा माझ्यामागे दोनदा आला. एवढं तरी करू नकोस ताई, म्हणाला. मी तोंड फिरवलं.

नवऱ्याला कुलपाचं सांगितलं तेव्हा तो खिशात हात घालून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, बायको आपल्या बाजूने उभी राहिली म्हणून भरून आलंय. संध्याकाळी तो सहाच्या खोलीत गेला तो अडीच तास बाहेर आला नाही. बारा टॅपेट. पूर्वी चाळीस मिनिटांत लावायचा. मी दाराबाहेर किल्ल्या घेऊन उभी होते, आतून पाना खाली पडल्याचे आवाज येत होते. मी मोजले नाहीत, पण बरेच होते. न्याय मिळतोय या आनंदात मी होते.

२१ सप्टेंबर, गुरुवार

लिहिते. लिहायलाच हवं.

निळी आधी गेली, नेहमीसारखी. मग करडी. सुरू केली तेव्हाच टकटक होती, पण मी म्हटलं गरम झाल्यावर थांबेल. रंगकामवाले, पत्रेवाले, हिशेबनीस, सगळे रांगेत उभे होते. चढावर तिने साथ सोडली. पट्टीवर मी तिला वर चढवली आणि आत काहीतरी निसटलं, खणकन आवाज, एक सिलिंडर मेला. मी इंजिन बंद करून पट्टीच्या पार टोकाला थांबले. तिथून चालत परत यायला सात मिनिटं लागतात. सातही मिनिटं मला ते सगळे दिसत होते, आणि त्यांना मी.

झाकण सगळ्यांसमोर उघडलं. बाईंनीच उघडायला सांगितलं, कारण इंजिनांना हात लागतायत हा संशय मीच त्यांच्या कानावर घातला होता. चौथ्या सिलिंडरचा टॅपेटचा नट पूर्ण आवळलेलाच नव्हता. तो सुटला, दांडा वाकला. उरलेल्यांत पत्ती घालून बघितली. दोन फटींत पत्ती शिरतच नव्हती, तिसऱ्यात दोन पत्त्या एकदम गेल्या. शिकाऊ माणूसही असं लावत नाही. आणि झाकणावरचे हिरवे ठिपके काल संध्याकाळचेच, वाळलेले. किल्ल्या रात्रभर माझ्या उशाखाली होत्या. दुसऱ्या कुणाचा हात लागला असं म्हणायला मीच जागा ठेवली नव्हती.

मी भावाकडे बघितलं. तो दाजींकडे बघत होता. नवरा खिशात हात घालून उभा होता.

"माझंच काम आहे," तो बाईंना म्हणाला. "बोटांना कळत नाही आता. पत्ती हातात आहे की नाही, तेही बघावं लागतं."

तीस वर्षं हातात ग्राइंडर धरून इंजिनांची तोंडं घासली, त्याच्या थरथरीने बोटांच्या नसा गेल्या. पार्ट आणायला जात होता तो डॉक्टरकडे. आणि हे पोर रोज पहाटे येऊन दाजींचे बाराच्या बारा टॅपेट पुन्हा लावत होतं, वर हिरवा ठिपका देत होतं. सकाळी करडी गायला लागली की नवऱ्याला कळत होतं हे कुणाचं काम ते. दोघे एकमेकांशी यावर चकार शब्द बोलले नव्हते. मी भावाला बाहेर काढलं त्या मंगळवारी करडी बरी चालली ती त्याने आधी लावलेल्या आठ टॅपेटच्या जोरावर.

मी माझ्या नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याच्या घरी जाऊन भांडले असते.

धाकट्याची माफी मागायला गेले तर म्हणाला, आता ते राहू दे, दांडा बदलायचाय, चिमटा दे तो.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी करडी पुन्हा पट्टीवर आली. टॅपेट भावाने लावले, सगळ्यांदेखत, आणि नवरा शेजारी स्टुलावर बसून आवाज ऐकत होता. "तिसरा किंचित सैल," म्हणाला. होता सैल.

मी दोन फेऱ्या मारल्या. मग आणखी एक, कामासाठी नव्हे. ती गाडी वळणात जे करते ते दुसरं कुणी करत नाही. मग उतरून तक्त्यावर लिहिलं: सहा. इंजिन कुणाचं आहे याचा विचार तोवर संपला होता, कारण ते आता दोघांचंही होतं आणि एकाचंही नव्हतं.

बाईंनी तक्ता वाचला आणि विचारलं, बांधणार कोण?

"हा," नवरा म्हणाला आणि भावाकडे बोट केलं. "माझ्यापेक्षा बरं बांधतो. दोन आठवडे तुम्ही त्याचंच बघताय."

आठची खोली सोमवारपासून बंद. सात वर्षं लागली होती भावाला ते इंजिन जमवायला, तो नुसता जाऊन निळीचं बॉनेट लावून आला. बाईंनी नवऱ्याला विचारलं, ऐकायला येत राहाल का? रोज नको, नवं इंजिन सुरू होईल त्या दिवशी. तो म्हणाला, विचार करून सांगतो.

दुपारीच घरी आलो. तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला, हात समोर ठेवून. मी विचारलं, कधीपासून? तीन वर्षं, म्हणाला. आधी टोकं गेली, मग खालपर्यंत. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तू नुसती सीटवर बसून सांगतेस कुठला नट सैल आहे ते," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला दिसेलच. दिसलं नाही, तेव्हा म्हटलं, तितकं काही वाईट नसेल."

त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि करंगळीचं टोक नखाने दाबलं. लागतंय? नाही. त्याच्या शेजारचं? नाही. एकेक करून पाची बोटं झाली, मग पेरं. तळव्याच्या मध्यावर थोडंसं म्हणाला. मी आणखी खाली गेले. मनगटाशी आल्यावर तो म्हणाला, "इथे. इथे कळतंय."

मग मी तिथे धरून बसले. चहाला आधण ठेवलं होतं, ते आटून गेलं.